देण्याची साडी

आपले सण आपापल्या ऋतूला धरून असतात. पोळा पावसाळा सोडत नाही, संक्रांत थंडी सोडत नाही. रमजानचं तसं नाही. तो दरवर्षी थोडा थोडा मागे सरकतो आणि सगळे ऋतू फिरून येतो. यंदा तो थंडी सरता सरता आला. दारव्ह्याहून यवतमाळला परत येताना बसच्या खिडकीतून फुललेला पळस दिसत होता, तूर निघून गेलेल्या शेतांत नुसती खुंटं उरली होती, आणि बाजारात खजुराच्या पेट्या आणि शेवयांचे ढीग लागले होते. हवा अशी होती की उपास करावासा वाटावा. माझ्या मनातला रमजान मात्र एका उन्हाळ्यात अडकून बसला आहे. ऋतू कितीही बदलू देत, तो तिथून हलायला तयार नाही.

तो आमच्या बोरी अरबचा उन्हाळा. माझी बी.ए.ची शेवटची परीक्षा नुकतीच संपलेली. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसायचं नाही. घरोघरी ओली पोती टांगलेली असायची, कुलर कण्हत असायचे, आणि त्या उन्हात आमच्या गल्लीतली अर्धी माणसं पाण्याचा घोटही न घेता कामं करत असायची. संध्याकाळी मात्र गल्लीला जाग यायची. बर्फाची गाडी यायची, डांगर, म्हणजे खरबूज, कापल्याचा गोड वास सुटायचा, कुठेतरी कढईत भजी पडल्याचा आवाज यायचा. मग अजान होई आणि सगळी गल्ली एकदम गप्प होई. ती शांतता मला फार आवडायची. आमच्या घरी कुणाचा रोजा नसे, पण त्या वेळी आईसुद्धा भांड्यांचा आवाज करत नसे.

आमचं कापडाचं दुकान त्याच गल्लीच्या तोंडाशी होतं. आजोबांनी शेती सांभाळून ते काढलं, बाबांनी शेती बटईने, अर्ध्या वाट्यावर कसायला, देऊन ते वाढवलं. त्या वर्षी बाबांच्या छातीचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी उभं राहायला, ओझं उचलायला मनाई केली होती. म्हणून गादीवर मी. बाबा मागच्या खोलीत खाटेवर पडून, उघड्या दारातून माझ्याकडे आणि गिऱ्हाइकाकडे लक्ष ठेवून. मी गजाने कापड मोजताना चुकले की आतून खोकल्याचा आवाज यायचा. तो खोकला आजाराचा नव्हता, हे गिऱ्हाइकालाही कळायचं.

पहिल्याच आठवड्यात मी एक गोष्ट शिकले. बाई दुकानात यायची, ओढणीने घाम पुसायची आणि म्हणायची, “बेटी, पहनने की नहीं, देने की दिखा.” घालायची नको, द्यायची दाखव. मला आधी काही कळलंच नाही. मी वरच्या फळीवरच्या बऱ्या साड्या काढून पसरायला लागले. आतून खोकला आला. मग बाबांची हाक, “पूनम, खालचा गठ्ठा सोड.”

खालचा गठ्ठा म्हणजे सुरतेहून येणारा खास माल. रमजानच्या आधी यायचा आणि ईदेपर्यंत संपायचा. जकातीत, म्हणजे ऐपतवाल्या मुसलमानांनी दरवर्षी गरिबांसाठी काढायच्या दानात, वाटायच्या साड्या. अंगाला बोचणारा धागा, खळीने कडक केलेला पोत, लांबीला आखूड, पदर नावालाच. ब्लाउजपीसचा प्रश्नच नव्हता. देणारी माणसं ती साडी उलगडूनही पाहत नसत. गठ्ठ्यातली वरची एक बघायची, बाकीच्या नगावर उचलायच्या. एरवी रुमाल घेताना धागा ओढून पाहणाऱ्या बायका या साडीला हात लावत नसत. मला त्याची मोठी गंमत वाटायची. संध्याकाळी जेवताना मी त्यांच्या नकला करायचे आणि बाबा, छाती दुखते तरी, हसायचे.

हसताना मी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरत होते. हे काही फक्त आमच्या मुसलमान शेजाऱ्यांचं नव्हतं. लग्नसराईत आमचेच नातेवाईक यायचे आणि तितक्याच सहजपणे म्हणायचे, “नेसायची नको, देण्याघेण्यातली दाखव.” नवरीच्या आत्याला एक, मावशीला एक, आणि त्यांनी त्या घरी नेऊन पुढच्या लग्नात तिसरीच्याच हातात ठेवायच्या. आमच्याकडची देण्याघेण्याची साडी निदान कपाटाकपाटांतून फिरत राहते, अंगावर कुणाच्या चढत नाही. जकातीची साडी अंगावर चढते. जिला मिळते तिला ती नेसावीच लागते, कारण दुसरी नसते.

गेल्या महिन्यात भाच्याच्या लग्नाची खरेदी करायला मी यवतमाळच्या एका मोठ्या दुकानात गेले. थंडगार दुकान, बसायला सोफे. माल दाखवणाऱ्या मुलाने हसून विचारलं, “ताई, देण्याघेण्यातल्या दाखवू का आधी?” मी “हो” म्हणाले. इतकं पटकन म्हणाले की माझं मलाच कसंतरी झालं. मी शिकवते त्या शाळेतले एक सहकारी रमजानमध्ये गरजूंना शिधा वाटतात. मी दरवर्षी माझा वाटा देते. यंदा त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. पिशवी घेणारी बाई कॅमेऱ्याकडे पाहत नव्हती, पिशवीकडेही पाहत नव्हती, बाजूला कुठेतरी भिंतीकडे पाहत होती. ते बिचारे भले गृहस्थ. “मॅडम, तुमचं नावही सांगितलं मी त्यांना,” म्हणाले.  मी नुसती मान हलवली आणि वर्गावर गेले.

आमच्या गल्लीतल्या देणाऱ्यांत सगळ्यात मोठं घर नफीसाचाचीचं. कापसाच्या व्यापारात पिढ्यान्‌पिढ्या असलेलं. चाची स्वभावाने इतकी मऊ की दारात भिकारी आला तर आधी त्याला सावलीत बसवायची आणि मग काय हवं ते विचारायची. तिची आणि आमच्या आईची मैत्री मी जन्मण्याच्या आधीची. आई तिला भाभी म्हणायची, ती आईला नुसतं सुमन. दरवर्षी जकातीच्या साड्यांचा सगळ्यात मोठा गठ्ठा तिचाच असायचा, आणि तिची अट एकच, सगळ्या एकसारख्या हव्यात. एक रंग, एक काठ, एक फूल.

त्यामागेही तिचा मऊपणाच होता. कधीकाळी तिने वेगवेगळ्या रंगांच्या वाटल्या होत्या, तर एका चांगल्या रंगासाठी दोन बायका तिच्या अंगणातच भांडल्या. एक रडत घरी गेली. चाचीने तेव्हापासून ठरवलं, कुणाचं मन दुखायला नको. “सबको एक जैसी,” ती म्हणायची, “ना कोई ऊपर, ना कोई नीचे.” ऐकायला किती छान! पण त्यामुळे व्हायचं काय, की ईदेनंतर साऱ्या गावाला साडीवरूनच कळायचं, कोणत्या घरात जकात गेली. निंदणाच्या दिवसांत सडकेवरून जाताना सोयाबीनच्या शेतात ओळीने वाकलेल्या बायका दिसत आणि त्यातल्या कितीतरी एकाच रंगात. त्या वर्षीचा रंग होता पोपटी, त्यावर पांढरी फुलं आणि नारिंगी काठ. दुरून ओळखू यावा असा. चाची कुणाच्या मदतीचा बोभाटा करायची नाही, कुणाचं नाव तोंडातून काढायची नाही. साडी मात्र गावभर सांगत फिरायची.

चाची गठ्ठा घ्यायला आली तेव्हा दुपार टळली होती. ओठ सुकलेले, तरी चेहऱ्यावर हसू. तिने दुकानभर नजर फिरवली. फळ्या अर्ध्या रिकाम्या होत्या. मी पुढे रिकामे खोके रचून ते झाकलं होतं, पण चाचीचा सारा जन्म व्यापाऱ्याच्या घरात गेलेला.

“माल नाही भरला का यंदा?” तिने आत पाहत विचारलं.

“उन्हाळ्यात कोन माल भरते, भाभी,” बाबा खाटेवरून हसत म्हणाले. “पावसापान्यानंतर पाहू.”

आई तेवढ्यात पडद्यामागून आली. चाचीने तिच्याकडे पाहिलं, तिच्या कोपराशी उसवून पुन्हा शिवलेल्या बाहीकडे पाहिलं, आणि पुढे काही विचारलं नाही. मला वाटलं, आपण निभावून नेलं. ऑपरेशनात पैसा गेल्यापासून घरात दूध बंद झालं होतं, आई बाजार उठायच्या वेळी भाजी आणायला जात होती, आणि हे सगळं फक्त आमच्या चार भिंतींत आहे अशी माझी खात्री होती. आम्ही जमीनवाले, दुकानवाले. अक्षयतृतीया जवळ आली होती आणि दरवर्षीसारखी पितरांच्या नावाने घागर भरून, वर आंबा ठेवून कुणाला द्यायची याचा आईचा विचार चालला होता. देणाऱ्यांच्या घरात मी वाढले होते. आपल्याला कुणी काही देईल ही कल्पनाच माझ्या डोक्यात नव्हती.

ईद त्या वर्षी अक्षयतृतीयेला अगदी लागूनच आली. ईदेच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, गल्ली सुनी असताना मागच्या दाराची कडी वाजली. चाची होती. ओढणीखाली काहीतरी धरलेलं. तिने आईला बाजूला ओढलं, पुडकं तिच्या हातात कोंबलं आणि वरून तिची मूठ दोन्ही हातांनी झाकली.

“कोनाले सांगू नको, सुमन. मीबी नाही सांगणार. बहन का हक है, समझ.”

 चाची आली तशी उन्हातून निघून गेली. आईने पुडकं ओट्यावर ठेवलं, मी सोडलं. शेवया, खजूर, साखर आणि तळाशी पोपटी साडी, पांढरी फुलं, नारिंगी काठ. घडीसुद्धा मीच घातलेली होती. आमच्याच खालच्या गठ्ठ्यातली.

माझे कान तापले. कृतज्ञता वगैरे काही वाटलं नाही, सांगायला हरकत नाही. राग आला. चाचीचा, तिच्या मऊ हातांचा, आईचा की तिने ते घेतलं. त्या रागाच्या खाली लाज होती आणि ती रागापेक्षा कितीतरी जास्त होती. म्हणजे हिला कळलं होतं. म्हणजे शेतात वाकणाऱ्या त्या ओळीत हिने आईलाही उभं केलं होतं. आजही कुणाला काही देताना घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर क्षणभर जे उमटतं ते मी ओळखते, कारण ते त्या दुपारी माझ्या चेहऱ्यावर होतं.

बाबा भिंतीला धरून उठून आले. साडी पाहिली. “माह्या दुकानातली साडी माह्याच घरात? परत देऊन ये.”

“देल्लेलं परत करू?” आई म्हणाली. “तिच्या मनाले काय वाटन?”

“अन् गावाले काय वाटन? उद्या तू थे नेसली का साऱ्याईले समजते, आपलं दुकान बसलं म्हणून. मग कोन चढते आपल्या पायरीवर?”

बाबांचं काही चुकत नव्हतं. दुकानाची सारी उमेद आता पावसाळ्यानंतरच्या लग्नसराईवर होती, आणि ज्याचं दुकान बसलं असं गावाने एकदा म्हटलं त्याच्याकडे लग्नाचा बस्ता फाडायला कुणी जात नाही. आमचं पुढचं सगळं वर्ष त्या एका पोपटी साडीवर येऊन ठेपलं होतं. मी म्हटलं, “आई, पेटीत टाक. नेसू नको. चाचीला काय कळते?”

आई माझ्याकडे पाहत राहिली. मग बाबांकडे. आवाज न चढवता म्हणाली, “इतके वर्सं हे साडी इकताना आपल्याले लाज नाही वाटली. मग नेसाले कायची लाज?”

बाबा वळले आणि पुन्हा खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. त्या संध्याकाळी अजान झाली, गल्ली शांत झाली, आणि आमच्या घरात तर आधीपासूनच कुणी बोलत नव्हतं.

ईदेच्या दिवशी शीरखुर्म्याला आई दरवर्षी चाचीकडे जायची. तिची एक बरी साडी होती, जांभळी, लग्नाकार्याला ठेवलेली. मला वाटत होतं, ऐन वेळी ती तीच काढेल. पण आईने पोपटी साडी उलगडली, तिच्यातली खळ झटकली आणि नेसायला लागली. साडी आखूड पडत होती. आई निऱ्या पुन्हा पुन्हा सोडून घालत होती आणि घोटे काही झाकले जात नव्हते. मी दाराच्या चौकटीला टेकून पाहत होते.

आम्ही निघालो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. गल्लीत नवे कपडे घातलेली लेकरं पळत होती, अत्तराचा वास होता. आई पुढे, मी मागे. शिंप्याच्या ओसरीवरच्या बायका बोलता बोलता थांबल्या. मी चपलेत खडा गेल्यासारखं केलं आणि खाली वाकले. मग आणखी एकदा. आई बरीच पुढे गेली. बघणाऱ्याला वाटलं असतं, या दोघी वेगवेगळ्या घरच्या. तेच मला हवं होतं.

चाचीच्या अंगणात कापडाचं छत ताणलं होतं. खाली चटयांवर बायका बसल्या होत्या, भिंतीशी चार खुर्च्या मांडल्या होत्या. आई दरवर्षी खुर्चीवर बसायची. चटयांवरच्या बायकांत पोपटी साड्या थोड्याच होत्या, बहुतेकींनी आपल्या जुन्याच धुऊन नेसल्या होत्या. आई आत आली आणि सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या.  मग कापूस वेचायला आमच्या शेतात येणारी रबियाखाला थोडी सरकली आणि चटईवर हात थोपटत म्हणाली, “बस न वं, सुमनबाई.”

आई तिच्याशेजारी बसली. चाची वाडगा घेऊन बाहेर आली. अंगावर ईदेचा नवा पांढरा सलवार-कुर्ता, पांढरी ओढणी. “खाली काहून बसली? खुर्चीवर ये,” ती म्हणाली.

“बरं आहे, भाभी, इथंच.”

चाची वाडगा द्यायला वाकली आणि थबकली. उन्हातून चालून आलेल्या आईच्या मानेवर घाम होता आणि घामाबरोबर साडीचा रंग उतरला होता. मानेवर, गळ्याच्या घडीत, कोपरांत हिरवे ओघळ. आईला पत्ता नव्हता. चाचीने वाडगा खाली ठेवला, ओढणीचं टोक घेतलं आणि आईची मान पुसली. पुन्हा पुसली. पांढऱ्या ओढणीला हिरवा डाग पडला. चाची त्या डागाकडे पाहत गुडघ्यावर तशीच बसून राहिली.

“हे असं होते? मले कोनी सांगतलंच नाही,” ती म्हणाली.

“कोन सांगन, चाची?” रबियाखाला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. मग आईकडे वळून, घरातली गोष्ट सांगावी तशी म्हणाली, “नेसायच्या पहिले दोनदा मिठाच्या पाण्यातून काढा लागते हे साडी. आमी तसंच करतो. नाहीतर आंग खाजवते रातभर.”

बाकीच्या बायकांनीही माना हलवल्या. एकजण म्हणाली, काठाचा रंग तर आणखी वाईट. आई ऐकत होती, नवीन काही शिकताना ऐकावं तसं. मग तिने वाडगा उचलला आणि शीरखुर्मा खायला लागली. माझ्याही हातात वाडगा आला होता. तो तसाच निवत राहिला.

घरी आलो तर बाबा खाटेवर उठून बसलेले. सकाळपासून ते याच प्रश्नावर बसले असावेत. “काय म्हने गाव?” त्यांनी विचारलं.

आईने हंड्यातलं पाणी घेऊन मानेवर ओतलं. “कोनी काही नाही म्हनलं,” ती म्हणाली. “रंग जाते म्हने साडीचा.”

 बाबा खाली पाहत म्हणाले, “माहीत आहे मले.”

मी आतल्या दारात उभी होते. मीही महिनाभर गादीवर बसले होते. गठ्ठे सोडून पुन्हा बांधताना माझी बोटं रोज हिरवी व्हायची, रोज मी ती साबणाने धुऊन जेवायला बसायचे. मलाही माहीत होतं. त्या घरात माहीत नव्हतं ते एकट्या आईला. सकाळी ती निऱ्या घालत होती तेव्हा मी चौकटीला टेकून उभी होते. थांब, आधी धुऊन घे, एवढंच म्हणायचं होतं. पण गाव काय म्हणेल याचीच मला इतकी लाज वाटत होती की ते माझ्या तोंडूनच निघालं नाही.